उ: दोन व्हीसीओ वरच्या सुरांत बेसूर
मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये सिक्वेन्सरचा (सूर ओळीने वाजवणारा भाग) एकच पिच सीव्ही (सूर ठरवणारं व्होल्टेज) साध्या मल्टिपलमधून (एक सिग्नल अनेक केबलींत वाटणारा जोड) दोन व्हीसीओंना (व्होल्टेजने सूर बदलणारे ऑसिलेटर) दिल्यावर वरचे सूर उतरतात, असं वर विचारलंय. लगेच ट्रिमर (सूर जुळवायचे बारीक स्क्रू) पिळू नका, व्हीसीओ बहुधा ठणठणीत आहेत. आउटपुटचा रेझिस्टन्स १ किलोओहम आणि प्रत्येक इनपुट १०० किलोओहम धरा: दुसरी केबल खोचताच व्होल्टेज आणखी साधारण १ टक्का पडतं. व्होल्टला एक सप्तक, म्हणजे दर सप्तकाला जवळपास १२ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). ५ व्होल्टवर अर्ध्या अर्धस्वराहून जास्त! बफर्ड मल्टिपल लावा, त्यात प्रत्येक आउटपुटला वेगळा बफर असल्याने व्होल्टेज पडत नाही. गेटला (सूर चालू-बंद करणारा सिग्नल) साधं मल्टिपल चालतं.

तरीही सूर सरकला तर रॅक अर्धा तास तापू द्या. (मूग या सिंथ कंपनीचे सुरुवातीचे ९०१ ऑसिलेटरही तापमानाने भटकायचे.) समोर बुक्ला २०० (बुक्ला कंपनीचा मॉड्युलर सिंथ) असेल तर मात्र नुसता बफर पुरणार नाही, तिथे सप्तक १.२ व्होल्टचं.