अग्निशामक दलासोबत स्वयंसेवक म्हणून काम करता येते का? (सत्तरी तालुका, गोवा)

प्रश्न : सत्तरीतील रहिवासी

नमस्कार. माझे वय 31 असून मी वाळपईपासून काही अंतरावरच्या एका गावात राहतो. गेल्या पावसात आमच्या वाड्यावर फणसाचे जुने झाड एका घरावर आणि विजेच्या तारांवर एकदमच कोसळले. बंब येईपर्यंत दहा-बारा माणसे कोयते घेऊन फांद्यांवर चढली होती आणि तारेत वीज आहे की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मीही त्यांच्यातच होतो. काही विपरीत घडले नाही हे आमचे नशीब, पण त्या दिवसापासून हे काम रीतसर शिकावे असे वाटू लागले आहे. नोकरी सांभाळून दलासोबत स्वयंसेवक म्हणून काम करता येते का, बंबासोबत जाऊ देतात का आणि प्रशिक्षण कोठे मिळते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त जवान, फोंडा

तुमच्या प्रश्नातला बंबाचा भाग आधी निकालात काढतो, कारण बहुतेक तरुणांच्या डोळ्यांसमोर तेवढेच चित्र असते. गोव्यातले दल पगारी, पूर्णवेळ जवानांचे आहे. बंबावर बसणाऱ्या प्रत्येकाची जागा ठरलेली असते: पंप कोणी चालवायचा, होज (पाण्याचा लांब पाइप) कोणी पसरायचा, ब्रांच (होजच्या टोकाचे फवारा मारणारे तोंड) कोणाच्या हाती राहील, हे गाडी केंद्राबाहेर पडण्यापूर्वीच पक्के असते. त्यात एक हौशी माणूस वाढला, तर प्रमुखाला आगीवर एक डोळा आणि त्याच्यावर दुसरा ठेवावा लागतो. कटू वाटेल, पण खरे आहे.

स्वयंसेवकाचा रस्ता दुसरीकडून जातो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना 2016 मध्ये 25 राज्यांतल्या पूरप्रवण अशा 30 जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढे 350 जिल्ह्यांतले 1 लाख स्वयंसेवक तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवून वाढवण्यात आली. त्यात 18 ते 40 वयाच्या, किमान सातवी शिकलेल्या आणि प्रकृतीने धडधाकट माणसांना बारा दिवसांचे प्रशिक्षण, प्राथमिक साहित्याचा संच आणि विम्याचे संरक्षण देण्याची तरतूद आहे. पुढची तुकडी कधी निघणार, याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात करावी. नागरी संरक्षण दल हा दुसरा मार्ग. त्याचा कायदा 1968 चा, मुळात युद्धकाळासाठी केलेला, पण 2009 च्या दुरुस्तीनंतर आपत्ती व्यवस्थापनही त्याच्या कक्षेत आले.

तोवर वाळपई केंद्रात एकदा जाऊन या. 14 एप्रिलपासूनचा अग्निशामक सेवा सप्ताह त्यासाठी उत्तम. 1944 साली त्याच तारखेला मुंबई बंदरातल्या स्फोटात जे जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ तो पाळतात आणि त्या दिवसांत जवानांपाशी शिकवायला वेळही असतो आणि उत्साहही.

आणि फणसाविषयी. तार तुटलेली दिसो वा न दिसो, वीज खात्याने पुरवठा तोडल्याचे कळवल्याशिवाय झाडाला हात लावू नये. ओली फांदीसुद्धा वीज वाहून आणते. शिवाय दबलेली फांदी कापताच धनुष्यासारखी उसळते. कोयता चालवणाऱ्याच्या छातीवर ती बसलेली मी पाहिली आहे.

उत्तर : काजू बागायतदार, केरी

सत्तरीत राहता म्हणून वणव्याचा विषय जोडतो. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या, तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे वरून पाणी ओतत होती. तेवढेच सर्वांच्या लक्षात राहिले. खाली मात्र वनकर्मचारी आणि गावकरी हिरव्या फांद्यांनी आग झोडपत, पालापाचोळा ओढून जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून साफ केलेले पट्टे) मोकळ्या करत चालले होते, कारण डोंगरावर बंब पोहोचतच नाही. हे काम वन खात्याच्या देखरेखीखालीच करावे. आमच्याकडे काजूच्या हंगामाआधी करड (वाळलेले गवत) कापून बागेभोवती मोकळा पट्टा ठेवतात. ते वेळेवर झाले तर निम्मी चिंता मिटते. एक गोष्ट मात्र मनावर कोरून ठेवा: आग उतारापेक्षा चढावर फार वेगाने धावते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला कधी उभे राहू नये.

उत्तर : प्रशिक्षित स्वयंसेविका, डिचोली

वरील माहिती योग्य आहे, परंतु नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मी बारा दिवस पूर्ण केले, संच मिळाला, छायाचित्रही निघाले. त्यानंतर दीड वर्ष मला एकही दूरध्वनी आला नाही. संबंधित कार्यालयातल्या यादीत माझा जुना क्रमांक होता, हे मीच विचारायला गेले तेव्हा उघड झाले. तेव्हा बोलावण्याची वाट पाहत बसू नका.

शिकलेले कामी आले ते शेजारच्या भाटात (बागायतीत). वापरात नसलेल्या विहिरीत बैल पडला होता आणि दोन मुलगे कमरेला दोर बांधून उतरायला निघाले होते. अशा विहिरीच्या तळाशी प्राणवायू कमी असू शकतो, बैल जिवंत दिसतो म्हणून माणूस शुद्धीवर राहील असे नाही, हे त्यांना समजावण्यात माझी पाच मिनिटे गेली आणि त्या मुलांच्या आईचा आवाज माझ्यापेक्षा जास्त उपयोगी पडला. मग 101 वर कळवले, दोघांना बॅटरी देऊन तिठ्यावर उभे केले आणि कठड्याचे सुटलेले चिरे आत पडू नयेत म्हणून लोकांना मागे हटवले. जवानांनी बैलाच्या पोटाखालून दोराऐवजी जुन्या होजचा रुंद पट्टा घातला, कारण दोर वजनाने कातडीत रुततो. मी फक्त उजेड धरला होता. पण तिठ्यावर मुलगे नसते, तर गाडी खालच्या वाड्याकडे वळली असती, असे चालकच म्हणाला.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. या आठवड्यात वाळपईला जातो. दरम्यान आमच्या वाड्यांच्या वाटा आणि विहिरी यांचा हातनकाशा काढून केंद्रात द्यावा, असे मनात आले आहे. बालरथ (शाळेची बस) येतो तिथपर्यंत बंब येईल, असे धरले तर चालेल का?

निवृत्त जवान, फोंडा

नाही बाब, बालरथ लहान असतो. कदंब परिवहनची मोठी बस जिथे वळते, तिथपर्यंत धरा आणि वाटेवर खाली लोंबणाऱ्या तारा व आडव्या फांद्याही दाखवा. साकव असेल तर त्यावर ठळक खूण करा. गाडीत 4,500 लिटर पाणी असले तर नुसत्या पाण्याचे वजन साडेचार टन होते, गाडीचे वेगळे. नकाशा पावसाळ्याआधी द्या, कारण जूननंतर केंद्रातल्या कोणालाही तो शांतपणे पाहायला सवड मिळणार नाही.