द्विशिक्षकी शाळेत विज्ञानाचे प्रयोग घ्यायचे कधी?

मीनल_जव्हार
जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. परिसर अभ्यासात करून बघण्यासारखं खूप आहे. पण पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, 'दुपारपर्यंत पाठवा' असे निरोप, यातच तास संपतो. साहित्यपेटीही नाही. तुम्ही कसं जमवता?

घाटमाथा_गुरुजी
मॅडम, पेटीची वाट बघू नका. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी मध्य प्रदेशात होशंगाबादला आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन मुलांना भूमिती दाखवली.

आता पावसाळा आहे. जुन्या टायरमधलं पाणी काचेच्या बरणीत घ्या, तोंडाला फडकं घट्ट बांधा. त्यातल्या डासांच्या अळ्या डोकं खाली करून तिरप्या लटकल्या, तर क्युलेक्स किंवा एडिस. पाण्याला समांतर आडव्या राहिल्या, तर अ‍ॅनॉफिलिस, म्हणजे हिवतापवाला. आमच्या चौथीतल्या एका पोरीने नाक बरणीला लावून विचारलं, "गुरुजी, ह्या शेपटीनं श्वास घेत्यात का?" शेपटाकडची नळी तिला मी सांगायच्या आधीच दिसली होती! मग गोड्या तेलाचे थेंब सोडले. तवंगामुळे अळ्यांना हवा मिळेना, थोड्या वेळाने त्या तळाला गेल्या. दुसऱ्या दिवशी पोरं घरचे रांजण तपासून आली.

हे हातचं जाऊ द्यायचं नसेल तर वेळेसाठी बोलावंच लागेल. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २७ वाचून ठेवा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम शिक्षकाला लावता येत नाही. माहिती भरणं त्यात बसतं का, यावर साहेब वाद घालतील. म्हणून आम्ही शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घेतला: बुधवारी मधल्या सुट्टीनंतर फक्त प्रयोग, फोन कपाटात. प्रत केंद्रप्रमुखांना दिली, पोच घेतली.

पालक_अकोले
मी आमच्या समितीत आहे. ठराव पालकांनीच मांडावा. शिक्षकांनी मांडला की लोक कामचुकारपणा म्हणतात. समितीत तीन चतुर्थांश आम्हीच असतो, तर आम्ही बोलायला नको का?

मीनल_जव्हार
गुरुजी, ताई, आभार. या महिन्याच्या बैठकीत विषय घेते. पण बरणीतून डास बाहेर आले तर?

घाटमाथा_गुरुजी
अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, पण टायरमधल्या अळ्या आधीच वाढलेल्या असतात. कोष दिसायला लागले, स्वल्पविरामासारखे वाकडे, की थांबायचं. पाणी कोरड्या, उन्हाच्या जमिनीवर ओता. गटारात अजिबात नको.