विठोबासाठी इंग्रजीत 'ही' लिहिताना एच कॅपिटल हवा का?

खिळेजुळारी:
अभंगांच्या इंग्रजी भाषांतरांत विठोबासाठी येणारा प्रत्येक 'ही', 'हिम', 'हिज' कॅपिटल करतात. ही पद्धत सोडून द्यावी, असं माझं ठाम मत आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे मूळ ओळीत नसलेली खूण आपण वरून चिकटवतो. शिवाय विठोबाला आपण अरे-तुरे करतो. कॅपिटल वाय लावलेला 'यू' त्या सलगीत अंतर आणतो. आणि इंग्रजीचीही तशी सक्ती नाही: १६११ च्या किंग जेम्स बायबलात देवाचा 'ही' स्मॉलच आहे, शिकागो मॅन्युअल हा इंग्रजी लेखन-संपादनाच्या नियमांचा ग्रंथही तेच सांगतो. नावं अर्थातच कॅपिटल. विठ्ठल, पांडुरंग आणि एकच देव या अर्थाचा गॉड. 'ग्रीक गॉड्स' मात्र स्मॉल.

ओवीकर:
अजिबात पटलं नाही. 'ही गेव्ह हिम हिज हँड' या ओळीत हात कुणी कुणाला दिला? पहिल्या आणि तिसऱ्या सर्वनामाचा एच कॅपिटल केला की लगेच कळतं. नाहीतर दर दोन ओळींनी 'द लॉर्ड' घुसडावं लागतं आणि चाल मोडते. १९८२ च्या न्यू किंग जेम्स आवृत्तीनं सर्वनामं कॅपिटल केली आहेतच.

खिळेजुळारी:
त्यानं उलगडा होत नाही, निवाडा होतो. देव-भक्त एकच झाले असं सांगणाऱ्या ओळीत कॅपिटल एच त्यांना पुन्हा वेगळं करतो. बायबलच्या दुसऱ्या स्तोत्रात 'सन'चा एस कॅपिटल केला की तिथे इस्राएलचा राजा नव्हे, ख्रिस्तच आहे, असं भाषांतरकारच ठरवून टाकतो.

टिपणवही:
सर्वनामांपेक्षा नामांत जास्त चुका होतात. वारकरी हा विशिष्ट संप्रदायाचा अनुयायी, म्हणून डब्ल्यू कॅपिटल. अभंग, आरती, कीर्तन स्मॉल. 'आषाढी एकादशी'तले दोन्ही शब्द कॅपिटल, नुसती एकादशी स्मॉल. 'टेंपल' पूर्ण नावात कॅपिटल, पुढे नुसतं 'द टेंपल' आलं की स्मॉल. 'संत' नावाआधी आलं तरच कॅपिटल. 'बिब्लिकल' स्मॉल आणि 'वेदिक' कॅपिटल ही विसंगती वाटते खरी, पण कोशांत तसंच आहे, बदलू नका.

आणि संगणकावर 'शोधा आणि बदला' वापरून सगळे 'गॉड' एका झटक्यात कॅपिटल करायला जाऊ नका. त्यातल्या 'फक्त पूर्ण शब्द' या पर्यायावर खूण केली नाही तर 'गॉडेस' विनाकारण कॅपिटल होते आणि 'डेमिगॉड'च्या मधोमध कॅपिटल जी उगवतो. खूण केली तरी 'अ गॉड' हाती दुरुस्त करावाच लागतो. पहिलं प्रकरण संपतानाच शब्दयादी करा, मुद्रितशोधकाला तीच द्या.

ओवीकर:
यादी मान्य. मग सर्वनामं निदान संदिग्ध ओळींपुरती तरी कॅपिटल ठेवू.

खिळेजुळारी:
ते तर सगळ्यात वाईट! एका पानावर कॅपिटल 'ही' दिसला की पुढच्या पानावरचा स्मॉल 'ही' देव नाहीच, असं वाचक धरून चालतो. एकतर सगळीकडे, नाहीतर कुठेच नाही.