पीएच वेगळा, मग ब्युरेटवर आकडा सारखाच कसा?

रामबागची आई (इंदूर):
लेक बारावीत आहे. काल कॉलेजातून रडवेली होऊन आली. 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल 10 मिली घेतलं, ते पूर्ण उदासीन करायला ब्युरेटमधून (खाली तोटी असलेली, आकड्यांची काचेची नळी) 0.1 मोलरचंच सोडियम हायड्रॉक्साइड 10 मिली लागलं. मग असिटिक आम्ल (व्हिनेगरमधलं) तेवढंच घेतलं, पीएच पेपरवर (आम्लपणा दाखवणारा कागद) रंग वेगळा, तरी पुन्हा 10! सौम्य आम्लाला कमी लागायला हवं असं वाटून तिने वहीत खोडून 3 लिहिलं. मॅडमनी एवढंच विचारलं, "मिथाइल ऑरेंज घेतलं होतंस का?" माझं शिक्षण आर्ट्सचं, घरी तिला सांगू काय?

पोहे_जीरावन:
पीएच पेपर फक्त सुटे झालेले हायड्रोजन आयन (आम्लपणा आणणारे कण) दाखवतो. आकडा 10 च बरोबर.

लॅबवाले काका:
ताई, मी 31 वर्षं केमिस्ट्रीची लॅब सांभाळली. ही चूक मुलं दरवर्षी करतात, आणि ती मुलं विचार करणारी असतात, तिला रागावू नका.

हायड्रोक्लोरिकचे जवळपास सगळे रेणू पाण्यात पडताच फुटून हे आयन सोडतात, म्हणून पीएच 1 (सुटे आयन जास्त, तितका पीएच कमी). असिटिकचे हजारात जेमतेम तेरा फुटतात, पीएच 2.9 च्या आसपास. पण बाकीचे नाहीसे झालेले नसतात. अल्कलीने, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडने, सुटे आयन खाल्ले की उरलेल्यांतले आणखी फुटतात, ते खाल्ले की आणखी. शेवटचा रेणू संपेपर्यंत हेच चालतं. म्हणून दोघांनाही 10.

आता मॅडमचा प्रश्न. मिथाइल ऑरेंज हा दर्शक, म्हणजे रंग बदलून शेवट दाखवणारा पदार्थ; ते 3.1 ते 4.4 पीएचमध्येच रंग बदलतं. असिटिकमध्ये ते साधारण 3 मिलीलाच पिवळं होऊन बसतं, आम्ल दोन तृतीयांशाहून जास्त शिल्लक असतानाच. असिटिकचा खरा शेवट पीएच 8.7 च्या आसपास असतो, म्हणून तिथे रंग बदलणारा दर्शक, फिनॉल्फथॅलिनच हवं. तिने अंदाजाने लिहिलेला 3 नेमका चुकीच्या दर्शकाने येणारा आकडा आहे, म्हणून मॅडमनी तसं विचारलं.

धातूवरच्या क्रियेचा वेग मात्र खरंच वेगळा असतो. मॅग्नेशियमची पट्टी हायड्रोक्लोरिकमध्ये सूं करत फसफसते, असिटिकमध्ये बुडबुडे संथ येतात.

रामबागची आई:
काका, पट्टीचं घरी करून दाखवू? व्हिनेगर आहे, आणि संडास साफ करायचं लिक्विड.

लॅबवाले काका:
लिक्विड नको. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक असतं, वर ब्लीच मिसळलं तर क्लोरीन सुटतो. व्हिनेगरच घ्या, खिडकी उघडी ठेवा, बुडबुड्यांतला हायड्रोजन पेटतो म्हणून जवळ दिवा-अगरबत्ती नको.

रामबागची आई:
तिला वाचून दाखवलं. लगेच ब्युरेटची वही काढली, 3 वर रेघ मारून 10 लिहिलं आणि बाजूला "फिनॉल्फथॅलिन". आता विचारतेय, लिंबाच्या रसाला किती लागेल?