अनुभव धागा: मोठा पडदा तुमच्यापासून किती लांब?

परवा मावसभावाशी वाद झाला. त्याचं म्हणणं, सिनेमा चांगला असला की कुठंही चांगलाच दिसतो. हा राहतो खराडीत. देशातला पहिला डॉल्बी सिनेमा (डॉल्बी कंपनीच्या खास चित्र-आवाज तंत्राचं थेटर) जुलै २०२५ मध्ये तिथंच सुरू झाला, त्याच्या घरून रिक्षानं दहा मिनिटं. मी उदगीरला. म्हटलं, तुझं बरंय बाबा!

तर मंडळी, आयमॅक्स (भला मोठा, उंच पडदा), डॉल्बी, ७० एमएम (नेहमीच्या ३५ एमएमच्या दुप्पट रुंद फिल्म), जे काही ‘मोठं’ असेल ते बघायला किती लांब गेलात? पैसे वसूल झाले का?

माझ्यापासून सुरुवात. २०२३ ला अणुबॉम्बवरच्या ‘ओपनहायमर’ सिनेमासाठी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुणं गाठलं. तिकीट साडेपाचशे, जाऊनयेऊन प्रवास सतराशे. शिवाजीनगरला सकाळी सहाला उतरले, शो अकराचा. चहा, पोहे, परत चहा. आयमॅक्सच्या गुबगुबीत खुर्चीत बसले आणि वीस मिनिटांत डोळा लागला. स्फोटाला मात्र जागी होते.

मेलबर्नकर
वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही पाहिलंत तेही कापलेलंच. आयमॅक्स कॅमेऱ्यानं टिपलेली दृश्यं १.४३ : १ (रुंदी : उंची) च्या उंच चौकटीत असतात. नेहमीच्या डिजिटल आयमॅक्सवर ती १.९० : १ होतात, म्हणजे वरचं-खालचं गेलं. पूर्ण चौकटीची ७० एमएम फिल्म जगभरात फक्त ३० थेटरांत लागली होती, भारतात एकाही नाही. इथं मेलबर्नच्या म्युझियमशेजारच्या आयमॅक्सला ती आली. एका प्रिंटची लांबी सतराएक किलोमीटर, वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास! मी ट्रॅमनं वीस मिनिटांत पोचलो. यात माझं कर्तृत्व शून्य, नोकरी इथं लागली एवढंच.

सोलापुरी आजोबा
हे आजचं नाही हो. ‘शोले’ आम्ही गावी साध्या ३५ एमएमवर पाहिला, आवाज एकाच भोंग्यातून. पुढे मुंबईला काकांकडे गेलो तेव्हा मिनर्व्हा थेटरात ७० एमएम आणि स्टिरिओ. नाणं पडल्याचा आवाज बाजूनं आला आणि मी खाली वाकून बघितलं! परत येऊन मित्रांना सांगितलं, तर कुणाचा विश्वास बसेना. खरं तर चित्रण ३५ एमएमवरच झालेलं, मोठ्या प्रिंट त्यावरून फुगवलेल्या. पण ते कळायला मला तीस वर्षं लागली.

अँटॉप हिल
वडाळ्याचा घुमटवाला आयमॅक्स २००१ मध्ये आला तो आमच्या घरून चालत जाण्याइतका जवळ. तरी दोनदाच गेलो. चौघांच्या तिकिटात बाबांचा आठवड्याचा बाजार व्हायचा. समुद्राखालचा माहितीपट बघताना पोटात गोळा आला होता. नेहमीच्या सिनेमात मात्र उभे खांब केळ्यासारखे वाकायचे.

सावंतवाडी
आमच्याकडे पडद्यावर नीट उजेड पडला तरी प्रीमियम.

खराडीचा मावसभाऊ
ताई, धागा काढायच्या आधी फोन तरी करायचास. पुढच्या वेळी शिवाजीनगरला बसून राहू नकोस, सरळ घरी ये. अंघोळ कर, दोन तास झोप, मग जाऊ. तिकीट तू काढ.