प्रतिसाद: घाणेरी जाळू नका, मुळाशी तोडा
वर कुणी इंदूरजवळच्या चोरलच्या रानातली घाणेरी (लँटाना हे रानभर पसरणारं झुडूप, इकडची राईमुनिया) जाळून टाकावी असं सुचवलंय. कृपया नको! जळाली तरी ती बुंध्यातून पुन्हा फुटते, आणि तिच्या दाट जाळीतली आग सागाची कोवळी रोपं मारते. कोयत्यानं वरवर छाटूनही तेच. कुदळीनं जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडा. फुटवे त्याच्या वरच्या भागातून येतात. मग झुडूप उलटं ठेवून वाळवा, मुळं मातीला टेकली की ते पुन्हा जीव धरतं. हे फळं पिकण्याआधीच, पावसानं माती मऊ असताना करावं. तिची फळं खाऊन बुलबुल बसतात त्या झाडांखाली बिया पडतात, तिथली रोपं पुढची दोन-तीन वर्षं उपटावीच लागतात. मोकळ्या जागी लगेच स्थानिक गवत पेरा, नाहीतर गाजरगवताचं तण शिरतं.