मुरमाड वाळवंटी कुरणाची माती: ३५ टक्के खडे नेमके कसे मोजायचे?

पायपीट यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. मृदाशास्त्राच्या अभ्यासासाठी एका वाळवंटी चराऊ रानात खड्डा घेतला आहे. डोंगरपायथ्याच्या जुन्या पंखाकृती मैदानावर (ओढ्यांनी आणलेला गाळ पंख्यासारखा पसरून झालेलं), सपाट जागी. झुडपं विरळ, गवत त्याहून विरळ. वर्णन लिहून झालं, नाव द्यायला बसलो आणि अडकलो.

वर एकाच खड्याच्या जाडीची घट्ट फरसबंदी आहे. खडे वरून काळपट चकचकीत, उलटे केले की पोट नारिंगी. त्याखाली ० ते ५ सेंमी फिकट, बुडबुडे अडकून राहिल्यासारखी भोकाभोकांची माती, तिच्यात खडे जवळपास नाहीतच. ५ ते २० तपकिरी सँडी लोम (वाळू जास्त असलेला पोयटा), चिकण ९ टक्के. २० ते ४५ लालसर, चिकण १९ टक्के, आम्ल टाकलं तर फसफसत नाही, भिंगातून वाळूच्या कणांमध्ये चिकणमातीचे पूल दिसतात. ४५ ते ११० पांढरट. खड्यांभोवती चुन्याचं सलग कवच, काही खडे एकमेकांना चिकटलेले, पण पहारीने सहज सुटतात. तिथल्या बारीक मातीत चुना १७ टक्के. त्याखाली सुटी खडेयुक्त वाळू, चुना नगण्य.

प्रयोगशाळेच्या अहवालात लाल थरात खडे ४५ टक्के आणि पांढऱ्यात ६०. मी मात्र भिंतीकडे बघून लाल थराला वहीत ३० लिहिले होते. मार्गदर्शक बाई म्हणतात, ४५ म्हणजे लोमी-स्केलेटल (३५ टक्के किंवा जास्त खडे असलेली लोम माती), प्रश्न मिटला. सोबतचा मित्र म्हणतो, पांढरा थर एवढा ठळक असताना हा कॅल्सिडच (चुन्याच्या थरावरून नाव मिळालेली वाळवंटी माती). अमेरिकी वर्गीकरण वापरतोय. ५० सेंमीवरचं वार्षिक सरासरी तापमान १८ अंश. कोण बरोबर? आणि या नावाचा चराईशी काही संबंध आहे, की नुसती कागदावरची कसरत?

---

चाळणीवाला:

आयुष्यभर मृदा सर्वेक्षणात काढलं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी खड्यांचं बघू. तुमचा डोळा आणि प्रयोगशाळा यांच्यात भांडण नाहीच. प्रयोगशाळा वजन सांगते, डोळा आकारमान बघतो, आणि वर्गीकरणाला आकारमान हवं असतं. दगडाची घनता २.६५ धरा, खड्यांमधल्या बारीक मातीची १.४५. शंभर ग्रॅम नमुन्यात ४५ ग्रॅम खडे म्हणजे १७ घनसेंमी. उरलेली ५५ ग्रॅम माती म्हणजे ३८ घनसेंमी. पंचावन्नात सतरा, म्हणजे ३१ टक्के. तुमच्या वहीतले ३० चांगलेच होते. याच हिशोबाने पांढऱ्या थरातले ६० टक्के आकारमानाने ४५ होतात. मोघम लक्षात ठेवायचं असेल तर आकारमानाचे ३५ म्हणजे वजनाचे जवळजवळ ५०. खडे जाळीदार लाव्हाचे असतील तर मात्र २.६५ चालणार नाही, त्यांची घनता वेगळी मोजावी लागेल.

१५ ते ३५ टक्के असेल तर पोताच्या आधी 'ग्रॅव्हली' लागतं, ३५ ते ६० ला 'व्हेरी ग्रॅव्हली', ६० ते ९० ला 'एक्स्ट्रीमली ग्रॅव्हली'. हे झालं थराचं वर्णन. स्केलेटल हा शब्द कुटुंबाच्या (वर्गीकरणातल्या एका खालच्या पातळीच्या) नावातला. तो प्रत्येक थराला वेगळा लागत नाही, एका ठरावीक पट्ट्यावरून ठरतो. आर्जिलिक थर (वरून वाहत आलेली चिकण साठलेला थर) नसता तर तो पट्टा साधारण २५ ते १०० सेंमी धरला असता आणि पांढऱ्या थरातल्या खड्यांनी नाव स्केलेटलकडे ओढलं असतं. पण तुमच्याकडे आर्जिलिक आहे. वरच्या थरात चिकण १५ टक्क्यांहून कमी असेल तर खाली निदान ३ टक्के जास्त लागते. तुमच्याकडे ९ ची १९ झाली आहे आणि कणांमधले पूल हा चिकण वरून वाहत आल्याचा पुरावा. तेव्हा नियंत्रणाचा पट्टा म्हणजे हा २० ते ४५ चा लाल थर, एवढाच. त्याच्यात खडे ३१ आणि चिकण १९, म्हणून फाइन-लोमी. पांढरा थर कितीही खडकाळ असो, इथे त्याला मत नाही.

आता मित्राचं म्हणणं. अरिडिसॉलची (वाळवंटी मातींच्या गटाची) किल्ली वरून खाली वाचायची असते: क्रायिड, सॅलिड, ड्युरिड, जिप्सिड, आर्जिड, कॅल्सिड, कॅम्बिड. जिथे पहिल्यांदा बसेल तिथे थांबायचं. आर्जिड (आर्जिलिक थर असलेली माती) कॅल्सिडच्या आधी येतो, म्हणून ठळक पांढरा थरही दुसरा नंबर घेतो. तो वाया मात्र जात नाही: १५० सेंमीच्या आत कॅल्सिक (चुना साठलेला) थर असल्याने पुढच्या पातळीवर कॅल्सिआर्जिड होतो. बारीक मातीतली खनिजं मिश्र असतील आणि चिकणेच्या मानाने धनायन-विनिमय क्षमता (धन भाराचे आयन धरून ठेवायची ताकद) ०.६ किंवा जास्त निघाली, तर पूर्ण नाव होईल फाइन-लोमी, मिक्स्ड, सुपरअ‍ॅक्टिव्ह, थर्मिक टिपिक कॅल्सिआर्जिड्स. 'टिपिक' आत्ताच पक्कं करू नका, ओलाव्याची नोंद बघून ठरवा. 'थर्मिक' तुमच्या १८ अंशांवरून. तो तापमान-वर्ग १५ ते २२ अंशांचा.

एक प्रश्न: पिशवीत मोठे गोटे भरले होते का? प्रयोगशाळेत ते कधीच पोचत नाहीत.

---

पायपीट:

सर, खूप आभार. नाही, ७५ मिमीच्या वरचे तिथेच टाकले. लाल थराच्या भिंतीत तसे दोन-तीन होते, साधारण ५ टक्के जागा व्यापत असतील.

---

चाळणीवाला:

मग ते मिळवा. उरलेल्या ९५ भागांचे ३१ टक्के म्हणजे २९.५, अधिक ५. आले साडेचौतीस. आता बाईंशी भांडायला जाऊ नका :) साडेचौतीस आणि पस्तीस यांत फरक करेल अशी मोजणी खड्ड्यात होत नाही.

माझं मत विचाराल तर अशा वेळी नावाचा हट्ट धरू नये. त्याच पृष्ठभागावर आणखी दोन-तीन खड्डे घ्या आणि ज्या बाजूला बहुतेक झुकतील ते नाव नकाशाला द्या. मातीचं पाणी धरणं ३४ वर एक आणि ३६ वर दुसरं असं होत नाही. ही रेघ आपण आखलेली आहे.

त्यापेक्षा जे ओरडून सांगतंय ते ऐका. चुन्याचं कवच. न्यू मेक्सिकोत लास क्रूसेसजवळ १९५७ पासून चाललेल्या वाळवंटी मृदा प्रकल्पातून गाइल, पीटरसन आणि ग्रॉसमन यांनी १९६६ मध्ये चुना साठत जाण्याच्या पायऱ्या मांडल्या. खडेयुक्त मातीत पहिल्या पायरीला खड्याच्या फक्त खालच्या अंगाला पातळ, तुटक पापुद्रा. दुसरीत सलग कवच आणि मधल्या जागा थोड्या भरलेल्या. तिसरीत सगळ्या फटी बुजतात. चौथीत बुजलेल्या थराच्या डोक्यावर पाणी अडून चुन्याचे पदर बसतात. तुमचं वर्णन दुसरीचं आहे. खडे जास्त असले की भरायला पोकळी कमी, त्यामुळे बिनखड्याच्या मातीपेक्षा या पायऱ्या लवकर चढल्या जातात. म्हणून फक्त चुन्यावरून वय काढू नये. पण चुना धुऊन गेलेला, न फसफसणारा लाल थर आणि त्याखाली हे, असं दोन्ही मिळून सांगतात की हा पृष्ठभाग बहुधा प्लाइस्टोसीनमधला (हिमयुगांच्या काळातला), आजच्याहून ओल्या हवेचा.

पडताळा सोपा आहे. ओढ्याकडे उतरत जा. खालच्या, नव्या जमिनीच्या पायरीवर (इथे पायरी म्हणजे चुन्याची नाही, जमिनीची) लाल थर नसेल, खड्यांच्या पोटाला जेमतेम पांढरी साय असेल. तिथे हॅप्लोकॅल्सिड किंवा हॅप्लोकॅम्बिड. ओढ्याच्या पात्रालगत थरच बनलेले नसतील, ते टॉरिऑर्थेंट. एकाच खडकाची खडी, पण पायरीगणिक नाव वेगळं.

---

रानपाखरू:

मी कुरणांवर काम करते, मातीची नावं माझ्या वाट्याला दुसऱ्याच्या नकाशातून येतात. चराईच्या प्रश्नाला उत्तर देते.

खड्यांनी पाणी कमी साठतं हे खरं, पण वाळवंटात तेच कधी कधी फायद्याचं. समजा बारीक माती १२ टक्के पाणी धरते. २० मिमी पाऊस बिनखड्याच्या मातीत मुरला तर साधारण १७ सेंमी भिजेल. ३१ टक्के खडे असतील तर तेच पाणी २४ सेंमीपर्यंत जाईल. वरचा काही सेंमीचा पट्टा ऊन लगेच सुकवतं. खाली गेलेलं पाणी वाचतं. नॉय-मेअर यांनी १९७३ मध्ये मांडलेला उलटा पोत-परिणाम हाच: ओल्या प्रदेशात भारी माती सरस, कोरड्यात भरड.

पण तुमच्या जागेला हे लागू करताना सावध. हिशोबात 'मुरला तर' आहे, आणि फरसबंदीखालच्या त्या भोकाळ थरात पाणी फार हळू मुरतं. भोकं एकमेकांना जोडलेली नसतात. जोराचा पाऊस वाहून ओढ्याकडे जातो. गवत तुम्हाला बहुधा फरसबंदी तुटलेल्या जागी, झुडपांच्या बुडाशी आणि त्या खालच्या नव्या पायरीवर सापडेल. तेव्हा दोन्ही पायऱ्यांना एकच चराईक्षमता लावणं चुकीचं. नाव कागदावरचं असेल, पण कॅल्सिआर्जिड आणि टॉरिऑर्थेंट वेगळे दाखवणारा नकाशा मला कामाचा आहे.

---

भरडधान्य:

दोन शंका. फरसबंदीतली माती वाऱ्याने उडून खडे उरतात असं शाळेत शिकलो होतो, मग खाली बिनखड्याची माती कशी? आणि खडे चुनखडकाचेच असतील तर चुन्याच्या पायऱ्या कशा ओळखायच्या, सगळंच फसफसेल ना?

---

चाळणीवाला:

पहिली शंका झकास आहे. सगळीकडे वारा फक्त नेतच असता, तर खड्यांच्या खाली खडेच मिळाले असते. कॅलिफोर्नियातल्या 'सीमा' नावाच्या ज्वालामुखी क्षेत्रात मॅकफॅडन, वेल्स वगैरे मंडळींनी दाखवलं की वारा धूळ आणतो, ती खड्यांच्या फटींतून खाली जाते आणि खडे वरच राहून हळूहळू उचलले जातात. पुढे हेलियम-३ वरून (उघड्या दगडात वैश्विक किरणांमुळे साठत जाणारा वायू) कळलं की तिथल्या फरसबंदीचे दगड जवळजवळ लाव्हा थिजल्यापासून उघड्यावरच आहेत. ५ सेंमीचा तो फिकट थर म्हणजे साठलेली धूळ. चिकण आणि चुना यांचाही मोठा वाटा तिथूनच येतो. म्हणून फरसबंदीवर गाडी घालू नये. चाकोरी फार काळ जात नाही.

दुसरं: आम्ल खड्यावर नाही, पापुद्र्यावर बघा. चुनखडकाचा खडा सगळीकडून सारखा असतो, मातीत बनलेला चुना आधी पोटाला बसतो. खडा काढण्याआधी वरच्या बाजूला खूण करा, मग उलटा. आणि चाळणीच्या वर राहिलेले कवचवाले खडे फेकून देऊ नका. २ मिमीखालच्या मातीत चुना १७ टक्केच निघाला, पण खनिज-वर्ग 'कार्बोनॅटिक' आहे का हे ठरवताना २० मिमीपर्यंतचा भागही बघतात, दोन्हींतला जो आकडा जास्त तो धरतात आणि ४० ची रेघ लावतात. तुमच्याकडे पट्टा लाल थराचा असल्याने यातून सुटलात.

---

पायपीट:

सर, ताई, दोघांचेही आभार. खालच्या पायरीवर खड्डा घेतोच. डब्ल्यूआरबी (आंतरराष्ट्रीय मृदा वर्गीकरण) पद्धतीत नाव लिहायचं झालं तर तिथेही हाच ३५ चा घोळ?

---

चाळणीवाला:

तिथे 'स्केलेटिक' ला ४० लागतात, आणि सरासरी १०० सेंमीवर काढतात, म्हणजे तुमचा पांढरा थरही मोजला जाईल. सगळ्या थरांचे आकडे घालून काढा. गटाचं म्हणाल तर कॅल्सिक थराच्या वर चुना नसलेला आर्जिक (आर्जिलिकचंच तिथलं नाव) थर असल्याने कॅल्सिसॉल (चुन्याच्या मातींचा गट) होत नाही, लुव्हिसॉलकडे (चिकण साठलेल्या मातींच्या गटाकडे) जावं लागेल.

आणि पुढच्या खड्ड्यात आकारमान डोळ्याने नको. थराच्या सपाट केलेल्या माथ्यावर छोटा खळगा खणा, आत पातळ प्लास्टिक अंथरून काठापर्यंत पाणी ओता आणि किती लिटर मावलं ते लिहा. निघालेला सगळा माल, गोट्यांसकट, तिथेच चाळून खडे बादलीतल्या पाण्यात बुडवा. किती पाणी वर चढलं तेवढं खड्यांचं आकारमान. घनतेचा अंदाज बांधायची गरजच उरत नाही.